मन्मथअप्पा आणि हरलेली फायनल

मन्मथअप्पा कबड्डीचा सामना कधी बघत नसत. ते मैदानाकडे पाठ करून बसत. लोखंडी घडीची खुर्ची रेषेपासून चार हातांवर उलटी मांडलेली असे आणि अप्पांचं तोंड प्रेक्षकांकडे असे. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर उपरणं. चढाईला गेलेल्या पोराचा दम कानाला कळतो, माणसांची तोंडं मात्र बघावी लागतात, असं ते म्हणायचे. नवख्याला वाटायचं, काय विरक्त मालक आहे! मला पहिल्याच दिवशी वाटलं, हा माणूस गर्दीत कोणाला तरी शोधतोय.

संशय हा माझा जुना रोग आहे. मी लातूरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि सामन्यांना गुणलेखक म्हणून बसायचो. भाजीवाल्यानं कोथिंबीर थोडी जास्त दिली तरी मी ती उलटीपालटी करून बघतो, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. तेव्हा अप्पांबद्दल मी जे सांगेन ते चाळून घ्यावं. पण अप्पांवर बिनघोर विश्वास टाकणारा माणूस मला लातुरात कधी भेटला नाही, हेही सांगून ठेवतो. त्यांच्या संघातली पोरं त्यांच्या पाया पडायची आणि बाहेर येऊन एकमेकांकडे बघायची.

मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, अप्पांची आडत होती. तूर, करडई, ज्वारी. संघाचं कागदावर काहीतरी भारदस्त नाव होतं, पण लोक त्याला ‘अप्पाचा संघ’च म्हणायचे आणि अप्पांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. इतर मंडळांत पोरं हौसेनं खेळायची, अप्पा पोरं सांभाळायचे. आडतीच्या माडीवर राहायचं, सकाळी दूध आणि भिजवलेले शेंगदाणे, वर्षाला दोन जोड कपडे, आणि उदगीर, बिदर, सोलापूरकडच्या बक्षिसांच्या सामन्यांना जायला आडतीचाच ट्रक. अंड्यांची व्यवस्था चौकातल्या खानावळीत होती. अप्पा जन्मात अंड्याला शिवलेले नव्हते. पोरं तिथं काय खातात ते आपल्याला सांगायचं नाही, एवढीच त्यांची खानावळवाल्याला ताकीद होती. या सगळ्याच्या बदल्यात अट एकच. दुसऱ्या संघाकडून खेळायचं नाही.

पोरं निवडायची त्यांची रीत मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. मोंढ्यात पोत्यांची थप्पी लागत असताना ते खाली उभे राहायचे. पाठीवर पोतं घेऊन एखादा तरणा हमाल फळीवरून वर चढायला लागला की अप्पा त्याला खालून नाव विचारायचे, मग गाव, मग घरात कोण कोण. उत्तर देताना ज्याचा श्वास तुटेल त्याला दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. ज्याचा तुटणार नाही त्याला संध्याकाळी मैदानावर बोलावणं जायचं. रेणापूरचा निवृत्ती असाच सापडला. तो पोत्यासकट वर जाता जाता म्हणाला, ‘निवृत्ती. रेणापूर. माय हाय, बाप हाय, धाकटी बहीण हाय, दोन बैलं हायेत.’ पोतं थप्पीवर टाकलं आणि वरूनच विचारलं, ‘आजून काय सांगू?’ अप्पा हसले म्हणे. मी त्यांना हसताना फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे हे ऐकीव म्हणून सोडून देतो.

निवृत्ती अंगानं काही दांडगा नव्हता. पण त्याचा दम लांब होता. समोरच्यांच्या अंगणात तो असा हिंडायचा की जणू भाडं भरून राहतोय. तीन वर्षांत अप्पाच्या संघाचा तो खांब झाला.

याच काळात आमचा जिल्हा झाला. आम्ही उस्मानाबादचे होतो ते लातूरचे झालो. पेढे वाटले गेले, गुलाल उधळला गेला. त्याच संध्याकाळी अप्पांच्या आडतीवर जिल्हा कबड्डी संघटनेची पाटी लागली, खाली ‘अध्यक्ष’ म्हणून त्यांचं नाव. संघटना अजून कोणी स्थापन केलेली नव्हती, सभा नाही, ठराव नाही. लोकांना अप्पांच्या चपळाईचं कौतुक वाटलं. मी जवळ जाऊन पाटीला बोट लावून बघितलं. रंग खडखडीत वाळलेला होता. मी अप्पांना विचारलं, पाटी कधी रंगवली? अप्पा म्हणाले, ‘मास्तर, जेवलाव का?’ अडचणीचा प्रश्न आला की ते समोरच्याच्या जेवणाची चौकशी करायचे. आणि माणूस जेवला नसेल तर खरोखर जेवू घालायचे, हीच मोठी पंचाईत होती. त्या दिवशी मी त्यांच्याकडे धपाटे खाल्ले आणि महिन्याभरात त्यांच्या संघटनेचा अधिकृत गुणलेखकही झालो.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी पडलाच नाही म्हणावं इतका. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी आणि तिच्यापुढं घागरींचा मोर्चा, अशी आमची सुरुवात. कबड्डीचं मैदान तेव्हा मातीचं असायचं आणि मातीला पाणी मारावं लागायचं, नाहीतर गुडघे सोलून निघतात. गावात पाणी नाही आणि अप्पांच्या मैदानावर मात्र रोज संध्याकाळी ओली माती, हे लोकांच्या डोळ्यांवर यायला वेळ लागला नाही. अप्पांच्या मळ्यातल्या विहिरीला पाणी होतं. दोन वर्षांआधी त्यांनी ती सुरुंग लावून खोल केली होती आणि शेजारच्या दोन विहिरी त्यानंतरच आटल्या, असं शेजारी म्हणायचे. अप्पांनी काय करावं? विहीर सगळ्यांना मोकळी केली. अट एवढीच की घागर भरून जाताना प्रत्येकीनं तांब्याभर पाणी मैदानावर ओतायचं.

बायका आधी चिडल्या, मग रांगेत ओतू लागल्या. मला हे फुकटात मैदान भिजवून घेणं वाटलं आणि मी ते चार ठिकाणी बोलूनही दाखवलं. पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. ज्यांनी कधी कबड्डी बघितली नव्हती त्या बायका सामन्यांना येऊ लागल्या. आमचं पाणी आहे तिथं, म्हणायच्या. निवृत्ती चढाईला निघाला की त्या डोक्यावरचा पदर सारखा करून उभ्या राहायच्या. अप्पा उलट्या खुर्चीतून त्यांच्याकडे बघत बसलेले असायचे. पुढं अप्पा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यातल्या निम्म्या घरांची मतं त्यांनाच पडली हे खरं आहे. आणि विहीर पाऊस येईपर्यंत बंद केली नाही, हेही खरं आहे.

त्याच उन्हाळ्यात पोलीस भरती निघाली. जिल्हा नवा, तेव्हा माणसं लागणारच होती. निवृत्तीची वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. पुढच्या भरतीला तो बसू शकत नव्हता. उंचीत तो जेमतेम होता, लेखी परीक्षेची त्याला धास्ती होती, पण विभागीय स्पर्धेच्या विजेतेपदाचं प्रमाणपत्र असलं तर खेळाडूंच्या जागेतून त्याचं काम होण्यासारखं होतं. उपविजेत्याच्या कागदाला तिथं कोणी विचारत नव्हतं. फायनल नांदेडला होती आणि गाठ होती भोकरच्या संघाशी. जायच्या आदल्या दिवशी निवृत्ती माझ्याकडे येऊन अर्जाची छापील प्रत दाखवून गेला. सगळे रकाने भरलेले होते, विजेतेपदाचा एकच मोकळा ठेवला होता. मला म्हणाला, ‘सर, येवढं भरलं की झालं.’ मी त्याला सांगितलं की मीच माझ्या अक्षरात भरून देईन.

भोकरच्या संघाचे मालक नानासाहेब लाकडाचे ठेकेदार होते. इस्लापूरकडच्या जंगलातलं गवतही तेच कापून आणायचे आणि त्या वर्षी गवताला सोन्यासारखा मान होता. अप्पांनी आणि मोंढ्यातल्या काही व्यापाऱ्यांनी रेणापूरच्या वाटेवर जनावरांची छावणी उघडली होती. रेणापूरचीच काय, माझ्या भावाची जनावरंसुद्धा तिथं बांधलेली होती. कडबा संपत आला होता. नानासाहेबांचं गवत दुसरीकडे जात होतं आणि अप्पांची माणसं भोकरहून रिकामी परत येत होती. आपल्या संघाला चार वर्षं ओळीनं हरवणाऱ्या माणसाचं नानासाहेबांनी का ऐकावं?

फायनलला नांदेडात माणूस मावत नव्हता. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी पुढं होतो, त्यातले बहुतेक निवृत्तीचे. मी पत्रकावर बेरीज करत होतो. मान वर केली तर समोर अप्पा आणि नानासाहेब जवळजवळ उभे होते, आणि अप्पांचं उपरणं दोघांच्या हातांवर पडलेलं होतं.

मोंढ्यात ज्यानं दिवस काढले त्याला हे समजवायला नको. उघड बोलायचा नसलेला भाव तेव्हा कापडाखाली बोटं दाबून ठरायचा. तोंडं गप्प असतात, कधी कधी दोघं इकडच्या तिकडच्या गप्पाही मारत असतात, आणि कापडाखाली सौदा होऊन जातो. नानासाहेबांनी एकदा मान हलवली. अप्पांनी पुन्हा बोटं दाबली. मग उपरणं खांद्यावर गेलं.

अप्पा माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, निवृत्ती बसंल, त्याच्या जागी राखीव पोरगा घ्या, कारण पायाला दुखापत लिहा. मी निवृत्तीकडे बघितलं. तो दोन्ही पायांवर धड उभा राहून पाणी पीत होता. मला विचारायचं होतं. पण टेबलाशी पंच होते, समोर गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर अप्पांनी सांगितलेलं लिहायची मला सवय झाली होती. मी ‘दुखापत’ लिहिलं. निवृत्तीला कर्णधारानं सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, चार मिनिटांसाठी बसवतात. तो रेषेबाहेर उकिडवा बसला आणि अखेरपर्यंत हाक यायची वाट बघत राहिला.

त्या दुसऱ्या डावात अप्पांनी खुर्ची फिरवून मैदानाकडे तोंड केलं. मी त्यांना सामना बघताना पाहिलेला तो एकच. आम्ही दोन गुणांनी हरलो.

परतीच्या ट्रकमध्ये कोणी बोललं नाही. लातुरात मात्र सगळे बोलले. अप्पांनी फायनल विकली, भोकरवाल्याकडून इतके घेतले, तितके घेतले. प्रत्येक पानटपरीवर आकडा वेगळा होता. अप्पांच्या दुकानावर कोणीतरी शेण फेकलं. अप्पांनी ते धुवून काढलं आणि गादीवर बसले. मीही आकड्यांवर विश्वास ठेवला. कापड मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि कापडाखाली पैशाशिवाय दुसरं काही ठरतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आठवड्यानं रेणापूरच्या वाटेवर गवताचे ट्रक आले. मी भावाच्या जनावरांना बघायला छावणीत गेलो होतो. ट्रकवाल्याला विचारलं कुठून आलात, तर म्हणाला, ‘भोकरहून. नानासाहेबानं धाडलंय, पाऊस पडस्तोवर रोज येनार हाय.’ मी तिथंच एका दगडावर बसलो. समोर निवृत्तीचा बाप आपल्या दोन बैलांपुढं पेंढ्या टाकत होता. बैल मान खाली घालून खात होते आणि म्हातारा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होता. शेजारी माझ्या भावाची गाय खात होती.

मी थेट आडतीवर गेलो आणि अप्पांना विचारलं, हे गवत त्या फायनलचं का? अप्पांनी नेहमीप्रमाणे जेवणाचं विचारलं. मी म्हणालो, जेवलो नाही आणि जेवणार नाही. तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘छावनीत तुमची बी जनावरं हायेत न्हवं?’ हा खुलासा होता की दम, हे मला त्या वेळी समजलं नाही. मी घरी आलो. कोणाला काही सांगितलं नाही, निवृत्तीला तर नाहीच. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, कारण भावाची गाय वाचली होती.

निवृत्ती भरतीला बसला, उंचीत निभावला, पण गुणांच्या यादीत मागं राहिला. अर्जातला तो रकाना मी भरलाच नाही. माडीवरची वळकटी उचलून तो निघून गेला, पुन्हा कबड्डी खेळला नाही. मोंढ्यात दुसऱ्या आडतीवर पोती उचलू लागला. पुढं हमालांचा मुकादम झाला. अप्पांच्या दुकानावरून जाताना तो रस्त्याची पलीकडची बाजू धरायचा. अप्पांचा संघ नंतरही खेळला, जिंकला, त्यातली किती तरी पोरं एसटीत, पोलिसात, बँकेत लागली. त्यांच्या घरांत अप्पांचे फोटो आहेत. अप्पा निवडून आले, पडले, पुन्हा निवडून आले. छावणीत वाचलेल्या जनावरांचा प्रत्येक भाषणात उल्लेख असे. गवत कसं आलं ते कधी सांगितलं नाही.

वीसेक वर्षं गेली. अप्पांची डावी बाजू लुळी पडली आणि शहराला एकदम त्यांचं मोठेपण आठवलं. मैदानाला त्यांचं नाव द्यावं असा अर्ज नगरपालिकेकडे करायचा ठरला. जुन्या खेळाडूंच्या सह्या हव्या होत्या आणि मी निवृत्त होऊन घरी रिकामाच होतो. सगळ्यांनी सह्या केल्या, काहींनी डोळे पुसले. निवृत्ती राहिला. मी मोंढ्यात जाऊन त्याच्यापुढं कागद धरला. तो म्हणाला, ‘सर, तुमी मागायलाव म्हनून गप बसतो. दुसऱ्या कुनी मागितली असती तर फाडला असता.’

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कापड, नानासाहेब, ट्रक, त्याच्या बापाचे बैल, माझ्या भावाची गाय. मी लिहिलेली दुखापतही सांगितली. तो पोत्यावर बसून ऐकत राहिला. मला वाटलं आता हा मला तरी दोन शब्द सुनावेल. त्यानं डोक्याचं फडकं झटकलं आणि म्हणाला, ‘चला, जाऊ.’

दुपारची वेळ होती. अप्पा घरी माडीवर पलंगावर पडले होते, तोंड उजवीकडे थोडं ओढलेलं. शब्द अडखळत यायचे, पण समजायचे. निवृत्तीला त्यांनी लगेच ओळखलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. निवृत्ती पलंगाजवळ खाली बसला. त्यानं नमस्काराचं ‘शरणार्थ’ म्हटलं नाही. सरळ विचारलं, ‘आमच्या बैलानं खाल्लेलं गवत माझ्या फायनलचं व्हतं का, अप्पा?’

अप्पा छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता जेवणाचं विचारणार. त्यांनी विचारलं नाही. ‘हाव,’ म्हणाले.

 निवृत्तीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तो म्हणाला, ‘मला इचारायचं व्हतं. मी हाव म्हनलो असतो.’

‘म्हनून तर न्हाई इचारलं,’ अप्पा म्हणाले.

 त्या उत्तरात निवृत्तीला काय दिसलं मला माहीत नाही. त्याचं नशीब त्याच्याच हातानं मोडायला लावू नये, असं अप्पांना वाटलं होतं का? की पोती उचलणाऱ्या पोराला विचारायची गरजच वाटली नव्हती आणि हे उत्तर आता, पडल्या पडल्या, सुचलं होतं? निवृत्तीनं यातलं काही विचारलं नाही. चहा आला होता, तोही घेतला नाही. उठला आणि जिना उतरून गेला.

अप्पा उजव्या कोपरावर रेलून, मान उचलून दाराकडे बघत होते. खालचा दरवाजा वाजला तेव्हा त्यांनी डोकं उशीवर टाकलं. मी खिशातून कागद काढला होता, तो तसाच हातात होता. अप्पांनी तो बघितला आणि अडखळत म्हणाले, ‘मास्तर, त्याची सही घिऊ नका.’

मी बरं म्हणालो. त्यांचे ओठ थरथरत होते. मी जवळ सरकलो आणि ते दुखण्यानं थरथरताहेत की रडू आवरल्यानं, हे बघत बसलो.